एकशे साठ अक्षरांचे सत्तारचाचा

मी आज पुण्याच्या कॉलेजात शिकवतो, ते जानेफळच्या सत्तारचाचांमुळे. आणि या माणसानं माझं एकही वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं नाही.

बसस्टँडसमोर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. परदेशी फोन लावणं तेव्हा महाग. चाचा ईमेलच्या पत्त्यात फोननंबर आणि तिथल्या मोबाइल कंपनीचं नाव टाकत, की मस्कतच्या फोनवर निरोप जवळजवळ फुकट पडे. उत्तर चाचांच्या ईमेलवर येई. अट एकच, इंग्रजी लिपीत एकशे साठ अक्षरं. पुढची गळून पडत. त्यामुळे लांबलचक बोलण्याची त्यांना चीडच आली होती. एक आजी नातवंडाची बातमी पहिल्या कळेपासून सांगू लागली, तर म्हणाले, "पोरगं झालं का पोरगी, तेवढं सांग माय. बाकी काप!"

मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जातीचा मूळ दाखला पुण्यात दाखवायचा, नाही तर जागा पुढच्या मुलाला. दाखला बाबांनी कुठेतरी जपून ठेवलेला आणि बाबा मस्कतला गवंडीकामावर. घर पालथं घातलं. आईलाही ठाऊक नव्हतं. पुण्याची एसटी सहाची. तीन वाजता मी चाचांपुढे कागद ठेवला : 'तीर्थरूप बाबांस सविनय जयभीम. आपण तिकडे खुशाल असाल...'

"खुशाल हाय का नाही, ते मंग इचारजो बे! जयभीम राहू दे. बाकी काप."

निरोप गेला आणि दोन मिनिटांत परत आला. बाबांचा नंबर बंद होता. चाचांनी वही उघडली. मस्कतला बाबांच्याच खोलीत आमच्याकडच्या उंद्री गावचा एक मिस्त्री राहायचा. निरोप त्याला धाडला.

चार वाजले. पाच वाजले. साडेपाचला चाचा उठले. "मी कंडक्टरले सांगून येतो. तू मेल पाह्य."

मी पाहत बसलो. खाली परत आलेल्या निरोपांची रांगच होती. रोजचा एक, एकाच नंबरचा, एकशे साठ अक्षरं काठोकाठ भरलेला. 'इम्रान बेटा, आज तुझ्या सायकलीत हवा भरली...' इम्रान म्हणजे चाचांचा तिकडे गेलेला, परत न आलेला मुलगा.

चाचा मागे येऊन उभे होते. "कवाचा बंद हाय तो नंबर."

"मंग काऊन पाठवता, चाचा?"

"परत तं येते ना बे. संध्याकाळी मेल उघडला की वाटते, कोनीतरी उत्तर देलं."

तेवढ्यात मिस्त्रीच्या नंबरवरून बाबांचं उत्तर आलं. 'गव्हाची कोठी. तळाशी डबा. जा बेटा.'

मी घरी धावलो. कोपरापर्यंत गव्हात हात घालून डबा काढला. एसटी सुरू होऊन उभी होती आणि तिच्या दारात चाचा. मी आभार मानू लागलो, तर "बाकी काप!" म्हणून त्यांनी मला आत ढकललं.

दुकान बंद झाल्याचं परवा कळलं. लगेच पत्र टाकलं :

आदरणीय सत्तारचाचांस सविनय जयभीम.
आपण खुशाल असाल. हे कापू नका, खरंच विचारतो आहे. त्या दिवशी एसटीच्या दारात राहिलं होतं, ते आता लिहितो : तुम्ही नसता तर मी जानेफळच्या पुढे गेलो नसतो. दिवाळीला येतो आहे. सायकलीत हवा असू द्या. उंद्रीचे मिस्त्री आता गावी परतलेत, त्यांना भेटायला जाऊ. तुम्ही मागे बसा, मी चालवीन.
तुमचा,
समाधान