झीरो एरर, बारा कुंड्या

ऑफिसचा अख्खा प्रिंटर माझ्या एका थापेवर चालतो! त्यामुळे आठ दिवस सासुरवाडीला जायचं ठरलं आणि बायकोला बाल्कनीतल्या बारा कुंड्यांची काळजी लागली, तेव्हा मी जाहीर केलं, "माती सुकली की पंप आपोआप सुरू होईल. यंत्र मी बनवतो!"

"शेजारच्या काकू घालतील की पाणी," बायको म्हणाली. "आईने दिलेल्या गुलाबाला दोन वर्षांनी कळ्या आल्यात. त्याच्यावर प्रयोग नकोत."

"काकूंना कशाला त्रास? विज्ञान आहे ना!" हे मी काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो.

पंप आणि त्याला हुकूम सोडणारा काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड आणला. प्रोग्रॅम लिहून कॉम्प्युटरला तपासायला दिला. सात चुका! एक सुधारली, तर एकोणीस झाल्या! लग्नातल्या जेवणाला आमच्या आत्यानेसुद्धा एवढी नावं ठेवली नव्हती.

"काय चुकलंय ते खाली लिहिलंय ना? वाच की," बायको म्हणाली.

"वाचत बसायला वेळ कुणाला आहे?"

मग मला युक्ती सुचली. ज्या ओळीला कॉम्प्युटर नाक मुरडेल, ती ओळच पुसायची! रोगीच घालवला की रोग कुठला? एक ओळ गेली की दुसरी रुसायची, मग तिलाही निरोप. तासाभरात चुका शून्य! प्रोग्रॅम बोर्डात भरला, हिरवा दिवा लागला.

"पण चालतंय का?"

"झीरो एरर!" मी गरजलो. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून पुढची चर्चा वाचली.

आठही दिवस मी सासूबाईंना घड्याळ दाखवून सांगत होतो, "आत्ता तुमचा गुलाब पाणी पीत असेल!"

परतलो. अकरा झाडांची चिपाडं झाली होती. बोर्डावरचा दिवा मात्र दिमाखात हिरवा. गुलाबाकडे बघायचा धीर होईना. बघितलं, तर चक्क फुललेला!

"तुझं विज्ञान ऐकलं आणि मला राहवेना," पलीकडून काकू म्हणाल्या. हातात पाइप. "एवढ्या एकाच कुंडीपर्यंत पोचला बघ."

बायकोने लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅममध्ये दोन रिकामे कंस आणि वर एकच ओळ: 'हा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला आहे.'

"ही कशी राहिली?"

"ती नुसती टीप आहे," मी पुटपुटलो. "टिपा कॉम्प्युटर वाचतच नाही."

"अगदी तुझ्यावर गेलाय!"

हल्ली पाणी मीच घालतो, मगाने. काकू पलीकडून लक्ष ठेवतात आणि कुंडीच्या नंबरासकट चुका सांगतात. मुकाट्याने सुधारतो. काकूंना पुसून टाकता येत नाही ना!