गौर येईपर्यंत

जाधव वकीलबाईंनी माझ्या फणसाला अवमानाची नोटीस दिली, तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

फणस माझा, फांदी त्यांच्या कौलांवर. आदल्या उन्हाळ्यात एक भलामोठा फणस पडून त्यांची कौलं फुटली, तेव्हा मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी उभा राहून "फांदी तोडतो" म्हणालो आणि तोडलीसुद्धा. पण झाडच ते, मेलं परत फुटलं. झालं. टाइप केलेला कागद दारात. "सामनेवाला फणस व त्याचे मालक यांनी उभयपक्षी झालेल्या तडजोडीचा हेतुपुरस्सर भंग केला आहे." आमच्या मंडळींनी तो कागद मोठ्यांदा वाचला आणि तेव्हापासून त्या मला सामनेवाले म्हणतात. चहा घ्या सामनेवाले, नारळ सोला सामनेवाले.

मी वीज मंडळातून निवृत्त झालो. जन्मभर थकबाकीदारांच्या घरची वीज तोडली, शिव्या खाल्ल्या, एकदा कुत्राही अंगावर घेतला. पण वकीलबाईंचा जो धाक आहे ना, तो मला कधी बसवता आला नाही. दूधवाला उशिरा आला, "टाकते अवमान." केबलवाला उद्या येतो म्हणाला आणि परवा आला, "टाकते अवमान." लग्नात एकाने जेवणाआधी तासभर भाषण केलं, तेव्हा त्या माझ्या मंडळींच्या कानात हेच म्हणाल्या आणि खरोखर उठून घरी गेल्या.

धंदाच तसा आहे त्यांचा. रत्नागिरीत हुकूम मिळवून देणारे वकील पैशाला पासरी आहेत, असं त्यांचं म्हणणं. मूल आईकडे, बापाला दुसऱ्या शनिवारी भेट, महिन्याला अमुक पोटगी, असा कोर्टाचा हुकूम झाला की वकील पेढा खाऊन मोकळा. पुढे बाप पोटगी देत नाही, आई मूल दाखवत नाही, नाहीतर आजीच नातवाला उचलून गुहागरला भावाकडे जाऊन बसते. तिथून वकीलबाईंचं काम सुरू होतं.

"सावंतभाऊ, हुकूम म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? बघितलं आणि पान उलटलं?" त्या मला विचारतात, जणू मीच कोणाची पोटगी थकवलीय.

पोटगी थकवणारे बहुतेक मुंबईला असतात. खोली बदलतात, फोन बदलतात, कोर्टाचा बेलिफ हात हलवत परत येतो. बाईंनी त्यावर एक शक्कल काढली. कोकणी माणूस बायकोला चुकवेल, कोर्टाला चुकवेल, पण शिमग्याला पालखीला खांदा द्यायला गावी येणारच. तेव्हा बाईंची सगळी वॉरंटं शिमग्यात निघतात. एकदा तर एक गडी पालखी खांद्यावर घेऊन बेभान नाचत होता आणि ह्या समोर काळा कोट घालून बेलिफाबरोबर उभ्या. त्याने पाहिलं. आता पालखी टाकून पळता येतंय थोडंच? तो नाचतच राहिला, इतका की गावाला वाटलं यंदा देव त्याच्यावर भलताच प्रसन्न आहे. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकेपर्यंत बाई थांबल्या. देवाचा अवमान नको म्हणाल्या. मग पुढे होऊन त्याच्या हातात कागद दिला आणि बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला.

घटस्फोट झालेल्या नवराबायकोला एकमेकांच्या दारात जायचं नसतं, म्हणून मुलांची देवघेव बाईंच्या पडवीत होते. तिथे एक झोपाळा आहे, कॅरम आहे आणि मुद्दाम पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ आहे. भेटीची वेळ संपली की बाई आतून ओरडतात, "वेळ झाली." कोणी अजून थोडं थांबतो म्हणाला की पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊकच आहे.

कधीमधी शनिवारी संध्याकाळी गडग्यापलीकडून मला हाक येते. "सावंतभाऊ, गाडी काढा. साक्षीदाराला घेऊन मांडवीला जायचंय." साक्षीदार म्हणजे सहा-आठ वर्षांचं पोर असतं, नवे कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. आम्ही तिघं जेटीवर बसून भेळ खातो. बाई कोर्टातलं अक्षर काढत नाहीत. मला आपलं वाटायचं, पोराला बोलतं करण्याची ही काही वकिली युक्ती असेल. पेट्रोल माझं जायचं, एवढंच मी मनात धरून होतो.

आता गेल्या गणपतीतली गोष्ट. बाईंच्या घरी बुद्धाची तसबीर आहे, पौर्णिमेला खीर असते. गणपती नाही, गौर नाही. पण कुठल्या वर्षी गौर कधी येते, हे भटजीच्या आधी त्या सांगतात. कारण मूल दिवाळीत कोणाकडे यावर आमच्याकडे तडजोड होते, गणपतीत कोणाकडे यावरून माणसं दिल्लीपर्यंत जातील.

स्मिता ही त्यांची अशील. इथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा संदेश मुंबईला, त्याचं घर सावर्ड्याजवळच्या वाडीत. मुलगी मुक्ता, सहा वर्षांची, आईजवळ. बाईंनी दोघांची तडजोड स्वतः लिहिली आणि कोर्टाने तिचाच हुकूम केला. मुक्ता गणपतीला बापाकडे जाईल आणि गौर येईपर्यंत राहील. गौर आली की आईकडे परत.

गौर आली. स्मिताच्या माहेरी मुखवटा बसला, भाजीभाकरीचा नैवेद्य झाला, मुक्ता काही आली नाही. संदेश फोन घेईना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिता पडवीत येऊन बसली, डोळे सुजलेले. "ताई, तो तिला मुंबईला घेऊन गेला तर मी काय करू?" तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

बाईंनी अवमानाचा अर्ज लिहून काढला. पण कोर्टाला गणपतीची सुट्टी. अर्ज द्यायचा कोणाला? त्यांनी तो पिशवीत घातला, कोट चढवला आणि गडग्यापाशी आल्या.

"सामनेवाले, गाडी काढा," असं आमच्या मंडळींनीच आतून सांगितलं.

हायवेचं काम चालू होतं. तसं ते कायमच चालू असतं. खड्डे चुकवत आम्ही दुपारी वाडीत पोचलो. संदेश ओटीवर मुक्ताला पाटीवर मासा काढून दाखवत होता. मखर रिकामं होतं.

"हुकूम पाळला नाहीस," बाई पायरीवरूनच म्हणाल्या. "अर्ज तयार आहे."

संदेश उठला, त्यांना बसायला खुर्ची दिली. "बाई, कागदावर काय लिवलंय? गौर येईपर्यंत. आमच्याकडं गौर आलीच नाय."

झालं होतं असं, की चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाची बायको बाळंत झाली. भावकीत सोयर लागलं, घरच्यांनी देवाला शिवायचं नाही. शेजाऱ्यांनी गणपती उचलून विसर्जित केला आणि गौर त्या घरात यंदा आणलीच नाही. गौरच नाही, तर मुक्ता परत कधी जायची? हुकुमाप्रमाणे बघितलं तर पुढच्या वर्षी.

मी बाईंकडे बघितलं. तारीख घातली नव्हती त्यांनी. गौर कधी येते हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असतं, तारीख कशाला घालायची? इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद फाडून खाणारी बाई स्वतःच्याच कागदात अडकली होती आणि मला, खोटं कशाला बोलू, फणसाची आठवण येऊन जरा बरं वाटलं.

संदेशच्या आईने चहा आणला. बाईंनी चहा पूर्ण संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "कोणाच्या घरची गौर ते हुकुमात लिहिलेलं नाही. पोरीच्या आजोळी गौर आलीय. सजून बसलीय."

संदेशने पाटीवरचा मासा हाताने पुसला. "सलग येवढेच दिस मिळतात, बाई. त्यातले निम्मे ह्या सोयरात गेले. तिला वाजतगाजत येताना गौर दावायची होती, झाडावरचं शहाळं काढून द्यायचं होतं. काय झालंच नाय."

मला वाटलं, आता येणार ते वाक्य. आलं नाही.

"तूच पोचवायला चल," बाई म्हणाल्या.

येताना मुक्ता मागे बापाच्या मांडीवर झोपली. तो सारा रस्ता तसाच ताठ बसून होता, खड्ड्यात तिचं डोकं आपटू नये म्हणून हात खाली धरून. दिवेलागणीला आम्ही शहरात शिरलो. साळवी स्टॉप गेला, आमची आळी आली, आणि बाई पुढे बघत हळूच म्हणाल्या, "सावंतभाऊ, वळू नका. मांडवीवरून एक फेरी मारून या."

मी गाडी तशीच पुढे नेली. पाच मिनिटं पुढे घड्याळ लावणारी ही बाई. त्यांनी स्मिताला फोन केला, "पोर गाडीत आहे, सुखरूप आहे, झोपलीय. थोडी उशिरा आणते, चालेल?" पलीकडून स्मिता रडत हो म्हणाली, ते मलाही ऐकू आलं.

मांडवीवरून परत आलो, तर स्मिता पडवीतच थांबलेली. संदेशने मुक्ताला स्मिताच्या खांद्यावर दिलं आणि तो रात्रीच्या गाडीला निघून गेला. मायलेकी गेल्यावर बाई झोपाळ्यावर बसल्या. मी चेष्टेने म्हटलं, "आज तुम्हीच हुकूम मोडलात. टाकू का अवमान?"

त्या हसल्या नाहीत. "हा पोरगा मुंबईहून रात्रभर उभ्याने येतो, पण भेटीचा एक शनिवार चुकवत नाही. मुलीला धरून ठेवणारे बाप मला मनातून आवडतात, सावंतभाऊ. भांडते मी त्यांच्याशी, पण आवडतात."

मग त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांनाही कोर्टाने भेट दिली होती. आई त्यांना इस्त्रीचा फ्रॉक घालून कोर्टाच्या आवारात नेऊन बसवायची. कोर्ट बंद होईपर्यंत बसायच्या. वडील मुंबईहून आले नाहीत. एकदाही नाही.

"तेव्हा मला वाटायचं, पोलीस त्याला धरून का आणत नाहीत? वकील झाले तेव्हा कळलं. भेटायचा त्याला हक्क होता. हक्क आहे, पण वापरायची सक्ती नाही. मूल दाखवलं नाही तर अवमान होतो. बघायला कोणी आलंच नाही, तर होत नाही." त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "त्याला काही कलम नाही."

मग ते चापून बसवलेले केस, ते नवे कपडे माझ्या डोळ्यांपुढे आले आणि साक्षीदार म्हणजे ज्याचा बाप आलाच नाही ते पोर, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी हाक आली तेव्हा मी आधीच चप्पल घालून उभा होतो. केळशीचा एक मुलगा होता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, सारखा रस्त्याकडे बघणारा. जेटीवर बाईंनी त्याच्या भेळेत स्वतःच्या पुडीतली शेव घातली आणि समुद्राकडे तोंड करून बसल्या.

मी विचारलं, "वकीलबाई, तुम्हाला तेव्हा कोणी भेळ दिली होती?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा शेजारी कोणाकडे गाडी नव्हती."