दहा बाय दहातलं गोदाम

आमचे शेजारी सुदामभाऊ कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी टाळी वाजवतात. आमच्या बैठकीत त्यांनी एक वाजवली, कान टवकारले आणि निकाल दिला, "मास्तर, तुमच्या भिंती फोकनाड हायेत. एकाचे तीन करून सांगतात." फोकनाड म्हणजे आम्हा वऱ्हाड्यांचा थापाड्या. तोवर आमच्या घरात ही पदवी फक्त मला होती.

लग्नात भोंगे लावणं हा त्यांचा धंदा. कापसाचे भाव पडले, लग्नं देवळात उरकू लागली आणि भोंगे घरी बसले. तेव्हा भाऊंनी ते आपल्या ताईसाठी लावायचं ठरवलं.

ताईंना दिसत नाही. अकोल्याच्या एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या गोदामात त्यांनी उभा जन्म कापूस निवडला; नजर गेल्यावरही बोटांनी निवडत. जिनिंग बंद पडलं तसं भाऊंनी त्यांना अमरावतीला आणलं. बंद पडल्याचं मात्र सांगितलं नाही. "दुरुस्ती चालू हाय," एवढंच म्हणाले. इथल्या दहा बाय दहाच्या खोलीत ताईंचं मन लागेना. "इथं आवाज तोंडावरच आपटते रे," म्हणायच्या.

मग भाऊ अकोल्याला गेले. रखवालदाराला चहा पाजला, गोदामात वीस फुगे फोडले आणि त्यांचा घुमारा टेप करून आणला. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मधे माइक. ती टेप ऐकत ऐकत ते एकोचं बटण कणाकणानं फिरवत बसत. पहिल्याच दिवशी अशी शिट्टी झाली, की आमच्या ओळीतल्या तीन बायकांनी आपापले गॅस बंद केले.

महिन्याभरानं जमलं. मला साक्षीला बोलावलं. भाऊंनी टाळी वाजवली आणि त्या एवढ्याशा खोलीत खरंच गोदाम उभं राहिलं.

"ताई, हाक मार!"

"सुदाम!"

हाक लांबवर गेली, जणू गोदामाच्या पत्र्याला लागून परत आली.

"गोदाम तर तेच हाय," ताई म्हणाल्या. "पन कापूस कुठी गेला? भरल्या गोदामात हाक इतकी घुमत नोती."

भाऊ उगाच एकोचं बटण फिरवू लागले.

"बंद पडलं न?"

"हो, ताई."

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

"तू रडशीन म्हून."

रडत होते ते स्वतःच, आणि त्यांचे हुंदके चारी कोपऱ्यांतून फिरत होते. मला कुठे पाहावं कळेना. ताईंनी चाचपडत त्यांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"ते मशीन बंद कर," त्या म्हणाल्या. "तुयाच आवाजात सांग, काय काय गेलं ते."

बटण मी बंद केलं.