पिवळ्या रंगाचा पुरावा

एनो हार्म्स यांनी चार हिवाळे खपून रिमोटवर उडणारं एक विमान बांधलं आणि ते पिवळं होतं. आमच्या मॉडेल विमान मंडळात याहून गंभीर प्रकरण नोंदलेलं नाही. मी मंडळाचा कार्यवाह, त्यामुळे सगळी कागदपत्रं माझ्याच कपाटात आहेत.

एनो हे कालव्याच्या दारांवरचे निवृत्त कर्मचारी. लहानपणी बेटावर टपाल नेणाऱ्या विमानातून एका वैमानिकाने त्यांना एकदा फिरवून आणलं होतं. त्याच विमानाची ही प्रतिकृती, पंख दोन मीटरचे. बाल्सा लाकडाच्या फासळ्या एनोंनी कापल्या. वरचं पिवळं कापड त्यांच्या बायकोने, गेशेने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर इस्त्री फिरवून असं ताणून बसवलं, की टिचकी मारली तर डफासारखं वाजे.

वार्षिक स्पर्धेत गुण हुबेहूबपणाला असतात. मुख्य परीक्षक डॉ. रीम्ट उपहोफ यांनी आयुष्यात पतंगही उडवलेला नाही, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दुमत नाही. त्यांनी मूळ विमानाचा पुरावा मागितला. एनोंकडे एकच जुना फोटो होता.

"यात विमान राखाडी दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"अहो, फोटोच कृष्णधवल आहे. विमान पिवळं होतं. मी बसलोय त्यात."

"आठवण दोन प्रतींत जोडता येत नाही, हार्म्स."

एनोंनी विमान राखाडी रंगवलं. दोन दिवस गेशेने त्यांच्या चहात खडीसाखर टाकली नाही. आमच्या भागात घटस्फोटाच्या अलीकडचा टप्पा तो हाच.

दुसऱ्या तपासणीत असं निघालं, की फोटोत विमानाची फक्त डावी बाजू आहे. उजवी बाजू अप्रमाणित ठरली आणि तिच्यावरची नोंदणीची अक्षरं खरवडण्यात आली. तिसऱ्या तपासणीत डॉक्टरांनी भिंग लावलं. फोटोतलं विमान गवतावर उभं होतं. ते कधी उडालं होतं याचा काडीचाही पुरावा नव्हता. सबब उड्डाण केल्यास चाळीस गुण कापले जातील, असं पत्र माझ्याच सहीने गेलं. एनोंनी विमान उडवलं नाही आणि त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

प्रशस्तिपत्र घरी नेल्यावर गेशेने ते एकदाच वाचलं आणि विचारलं, "एनो, तुला उडवायचंय काय? विमान, की हा कागद?"

पुढच्या रविवारी दोघं मैदानावर आली. गेशेने आठवडाभर फडकं आणि स्पिरिट घेऊन राखाडी रंग पुसून काढला होता. पिवळं विमान मैदानावरून उठलं, कडेच्या बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांवरून गेलं, वाऱ्यात जरा डगमगलं आणि सावरलं. अकरा मिनिटं आम्ही सव्वीस जण माना वर करून उभे होतो. माझे डोळे भरून आले. एनो हळूच एवढंच म्हणाले, "असंच होतं ते."

संध्याकाळी तातडीची सभा भरली. विजेतं विमान उडालं असेल तर चाळीस गुण कापून निकाल रद्द करावा लागणार होता, आणि निकाल रद्द झाला तर तिन्ही तपासण्या चुकीच्या ठरणार होत्या. डॉक्टरांनी विचारलं, उड्डाणाचा फोटो कुणी काढला आहे का? कुणीच काढला नव्हता. आम्ही बघत होतो ना. तेव्हा इतिवृत्तात नोंद झाली, की त्या रविवारी मैदानावरून कोणतंही विमान उडालं नाही. पंचवीस जणांनी खाली सह्या केल्या. सव्विसावी माझी, सुवाच्य अक्षरात. एनोंनी पेन परत ठेवलं आणि गेशेचा हात धरून घरी गेले.

आता ती दोघं बांधापलीकडच्या कुरणात उडवतात. आमच्या मैदानावरून विमान स्वच्छ दिसतं. आम्ही वर बघत नाही.

तुम्हाला आमचं हसू येत असेल. येऊ द्या. फक्त मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेला होतात, आणि खिडकीपलीकडच्या माणसाने तुम्हाला साक्षात समोर बघून जिवंत असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा. भांडलात? की अंगठा कुठे टेकवायचा, एवढंच विचारलंत?