कार्यवाहांचे चाळीस तास

नोकरी गेल्याचं बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढंच नरेशने ठरवलं होतं. पुढचं सगळं रामायण या एका निर्णयातून घडलं.

आयर्लंडमधल्या लिक्सलिपजवळच्या एका कंपनीत तो नऊ वर्षं इंजिनिअर होता. कंपनीने त्याची अख्खी टीमच घरी पाठवली, त्यात त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. (हे तो आरशासमोर रोज दोनदा म्हणत असे.) पण मराठी मंडळींना नुसता वास लागला, की ती सहानुभूतीने घरी येणार, पोहे खाणार आणि जाताना "सीव्ही पाठवून ठेव हं" म्हणणार, याची त्याला धास्ती होती. म्हणून जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "अरे, श्वास घ्यायला फुरसत नाही!"

त्याच्या बायकोने, सुचित्राने, हे नाटक तीन आठवडे पाहिलं. चौथ्या आठवड्यात तिने लॅपटॉप त्याच्यासमोर आदळला.

"बेरोजगार भत्त्याचा अर्ज भर."

"मी? सरकारपुढे हात पसरू?"

"हात कसले पसरतोस? नऊ वर्षं दर पगारातून त्याचेच पैसे कापून घेतलेत. आणि घराचा हप्ता काय तुझ्या अब्रूतून भरायचा?"

"इट्स ग्रँड, डॅड," सोफ्यावरून दहा वर्षांची स्वराली म्हणाली. "एव्हरीवन डझ इट."

अटी तशा सोप्या होत्या. पगारातून पुरेशी कपात झालेली हवी, माणूस पूर्णवेळ कामासाठी मोकळा हवा आणि खरोखर नोकरी शोधणारा हवा. नरेश तिन्हींत बसत होता. अर्ज गेल्यावर चार दिवसांनी भेटीला बोलावणं आलं, तेव्हा त्याच्यातला पुणेकर जागा झाला. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, सहा पासपोर्ट फोटो, असावं म्हणून दहावीचं मार्कशीट आणि अंगात लग्नातला सूट अशा थाटात तो ऑफिसात पोचला.

खिडकीपलीकडे ओर्ला नावाच्या मायाळू बाई होत्या. त्यांनी एकच झेरॉक्स घेतली आणि सहज विचारलं, "मग, दिवस कसा जातो तुमचा?"

तीन आठवड्यांची सवय. नरेशच्या तोंडून आपोआप गेलं, "अहो, श्वास घ्यायला फुरसत नाही!"

"असं? काय करता?"

"मी महाराष्ट्र मंडळाचा कार्यवाह आहे. गणपती, कोजागरी, दिवाळी... सगळं माझ्यावरच असतं."

"आठवड्याला किती तास जातात?"

नरेशची छाती फुगली. "चाळीस तरी धरा."

ओर्लाबाईंची टायपिंग करणारी बोटं थांबली. "मग नोकरीला वेळ कधी काढणार?"

सुटातल्या सुटात नरेशला दरदरून घाम फुटला. घराचा हप्ता डोळ्यांसमोर नाचू लागला. तो सारवासारव करू लागला, तसतसे तास आणखी संशयास्पद होत गेले. (पस्तीस, मग वीस, मग "म्हणजे सीझनवर असतं.")

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथे काय करता आणि किती वेळ, याचं अध्यक्षांकडून पत्र आणा. तोवर अर्ज थांबवून ठेवते."

अध्यक्ष म्हणजे डॉक्टर उल्काताई. मलिंगारच्या हॉस्पिटलात त्या भूल देतात, पण बाहेर कुणाला झोपू देत नाहीत. ज्यांच्यापासून ही बातमी लपवण्यासाठी नरेशने एवढा आटापिटा केला, त्यात त्यांचा पहिला नंबर होता. पण आता इलाज नव्हता. त्याने डोळे मिटून फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

उल्काताई फोनवरच कडाडल्या.

"अरे वेड्या, आधी नाही का सांगायचं? आम्ही काय परके आहोत? माझ्या सख्ख्या भावाची दोनदा गेली होती. काळजी करू नकोस. रविवारी कमिटी बसतेय, रीतसर ठरावच करते. तू मात्र येऊ नकोस, आपल्यावरच्या ठरावाला आपण बसायचं नसतं. सुचित्रा आहेच कमिटीवर."

नरेशला भरून आलं. आपण उगाच महिनाभर या माणसांना घाबरलो, असं त्याला मनापासून वाटलं.

सोमवारी सुचित्राने त्याच्या हातात बंद पाकीट ठेवलं. ते त्याने तसंच नेऊन ओर्लाबाईंना दिलं. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि खाली वाकून बराच वेळ ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"तुमचा अर्ज मंजूर," वर येत त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. "इतकं स्पष्ट पत्र मी आजवर वाचलं नाही. ही घ्या तुमची प्रत."

नरेश विजयी मुद्रेने गाडीत येऊन बसला आणि त्याने प्रत उघडली. इंग्रजीत लिहिलं होतं:

'श्री. नरेश हे तीन वर्षे मंडळाचे कार्यवाह आहेत. कमिटीने सर्व जुनी इतिवृत्ते तपासली असता, या काळात त्यांनी एकूण सव्वादोन तास काम केल्याचे आढळले. पैकी दोन तास ते पंगतीत बसले होते. मंडळाने त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी टाकलेली नाही व पुढेही टाकण्याचे धाडस नाही. ते पूर्णवेळ मोकळे आहेत. ठराव एकमताने मंजूर.'

खाली सूचक म्हणून उल्काताईंची सही होती आणि अनुमोदक म्हणून सुचित्राची. आपल्या सहीशेजारी सुचित्राने स्वच्छ अक्षरात एक ओळ जोडली होती: 'घरीही हीच परिस्थिती आहे.'