मुठीएवढं गणित

विडी कारखान्यात रुजू होताना बाईची फक्त दहा बोटं लागतात. बाकीची कुवत फाटकाजवळच्या खोलीत जमा करून पावती घ्यायची असते. सदतीस वर्षं ती खोली मी सांभाळतो. आजवर एकही तक्रार नाही.

नरसव्वा गुंडेटी निवृत्तीच्या दिवशी चार वाजता खिडकीशी आली. पिवळ्या पावतीवर माझंच अक्षर होतं : ‘गणित. मुठीएवढं. कोमट.’ पाचच्या भोंग्याआधी फाटकाबाहेर नेलं नाही, तर वस्तू बाद होते.

“तेवढं द्या की ओ, भाऊ. एकवीसची होते ठेवलं तवा. कसं होतं तेबी आठवंना.”

इथे माझी चूक कबूल करतो. प्रत्येकीचं वेगळ्या खणात ठेवायचं, असं परिपत्रक आहे. पण खण संपले. मग वाळू नये म्हणून मी सगळ्यांचं एकत्र, विडीची पानं ठेवतो तसं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत गेलो. ते रुजलं.

दार उघडलं. गणित छपराला टेकलं होतं. त्याची मुळं शहनाजबीच्या पूल बांधण्याच्या कुवतीत शिरली होती, अंबव्वाचा गाता गळा त्यावर वेलासारखा चढला होता. इतकं मोठं आणि इतकं सुंदर मी जन्मात काही पाहिलं नव्हतं.

मॅनेजर येमूल साहेब आले. “हिचं तोडून द्या.”

“तोडलं तर मरेल, साहेब.”

“मग बाद करा. नियम आहे.”

नरसव्वा आत शिरली. तिनं बुंध्यावर हात ठेवला. “कोमट हाय अजून,” ती म्हणाली आणि रडू लागली.

मला राहवलं नाही. नियमाप्रमाणे पावतीवाल्या सगळ्या हजर असल्या, तर सगळं एकदम देता येतं. मी कामाच्या हॉलमध्ये जाऊन तसं सांगितलं. चारशे बारा जणींनी मांडीवरची सुपं खाली ठेवली.

दाराची चौकट काढावी लागली. भोंगा झाला तेव्हा शेवटचं मूळ फाटकाबाहेर पडलं होतं. रस्त्यावर आल्यावर ते सगळं सरळ उभं राहिलं आणि कारखान्याच्या धुरांड्याच्या वर गेलं. मागोमाग येमूल साहेब चालले होते. त्यांच्याही हातात एक पिवळी पावती होती.

नरसव्वानं मान वर केली.

“एवढं होतं होय,” ती म्हणाली.

मी नोंदवही उघडली. आकाराच्या रकान्यात काय लिहावं, ते मला सुचलं नाही.