गेनूआबांचा हं

तमाम सुज्ञ वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मौजे मिरजगाव, तालुका कर्जत येथील गेनूआबा यांनी 'हं' म्हणणे कायमचे बंद केले असून, यापुढे गावात कोणीही गोष्ट सांगितल्यास ती स्वतःच्या जबाबदारीवर सांगावी.

ही बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली नाही. कुणी दवंडीही पिटली नाही. नव्वदनंतरची ती वर्षं. गावात घरोघरी टीव्ही येत होते. बाप्ये पत्र्यावर चढून अँटेना फिरवत होते आणि खालून बायका "आलं, आलं... गेलं" करत होत्या. अशा धांदलीत एक म्हातारा गप्प झाला, हे कोणाच्या लक्षात येणार? माझ्या आलं. कारण माझं शिवणकामाचं दुकान आबांच्या ओट्याच्या बरोबर समोर आहे, आणि समोरच्या घरात काय चाललंय हे पाहिल्याशिवाय मला सुईत दोरा ओवता येत नाही.

आता शहरातल्या वाचकाला वाटेल, 'हं' म्हणजे असं काय मोठं? तर आमच्याकडे गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. एक सांगतो आणि दुसरा त्याच्या वाक्यावाक्याला 'हं' म्हणतो. हा दुसरा म्हणजे हुंकारी. हं आला की सांगणारा पुढचं पाऊल टाकतो. नाही आला, तर तो तिथंच उभा. राजा घोड्यावर चढत असेल तर एक पाय रिकिबीत, एक पाय जमिनीवर, असा राजाही उभा. हं अडवून धरणं म्हणजे जेवायला बसलेल्या माणसापुढचं ताट ओढणं.

गेनूआबा हे पंचक्रोशीतले सर्वांत मोठे हुंकारी. त्यांनी स्वतः जन्मात एक गोष्ट सांगितली नाही. सांगणारे होते लक्ष्मणतात्या, त्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार. उन्हाळ्यात पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम निघालं की तात्यांच्या दारच्या लिंबाखाली ढीग पडायचा. भोवती बायाबापड्या फोडायला बसायच्या, मधे तात्या आणि त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून आबा. तात्यांचा आवाज पहाडी, हातवारे असे की जवळ बसलेल्यानं पागोटं सांभाळावं. पण जाणकार माणसं आबांकडे बघायची.

आबांचा हं एक नव्हता. रान आलं की लांबचलांब. राजा आला की तुटक, कारण आबांना कुठलाच राजा आवडत नसे. सावत्र आई आली की नाकातून. आणि तात्या कुठं चुकले, मागच्या साली पांढरा असलेला घोडा यंदा काळा झाला, की आबा असा काही हं द्यायचे की तात्या पुढच्याच वाक्यात तो घोडा धुऊन पांढरा करायचे.

"आबा, तुम्ही एखादी गोष्ट सांगा की," असं मी एकदा म्हणालो.

"टेलर," आबा म्हणाले, "सगळ्यांनीच सदरा शिवला तर घालायचा कोनी?"

मी स्वतः बोलण्यात कमी नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. मशीन चालवता चालवता मी आबांना किती भन्नाट किस्से ऐकवले. त्यांनी मला कधी एक हं दिला नाही. माझा किस्सा संपला की ते शांतपणे विचारायचे, "काजं झाली का?" त्यांच्या घरच्या बाईचंही हेच दुखणं. "जगाला हं देत फिरत्यात," काकू म्हणायच्या, "आन मी बोलले की भिंत." त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं. "तू सांगत न्हाईस. तू इचारतीस."

एका निवडणुकीत एक मोठे पुढारी आले. आबा पहिल्या रांगेत. भाषण सुरू झालं आणि सवयीनं आबांचा हंही सुरू झाला. पुढारी खुलले. इतकं मनापासून त्यांचं कोणी घरीही ऐकत नसावं. ते आबांकडेच बघून बोलू लागले. गावाची माती, हं. गावाची माणसं, हं. मग ते म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या शिवारात कॅनॉलचं पाणी खेळेल."

आबा गप्प.

पुढारी थांबले. सभा थांबली. पुढाऱ्यांनी घसा साफ करून पाणी पुन्हा सोडलं. आबांनी डोळे मिटून घेतले. शेवटी पुढाऱ्यांनी कॅनॉल तिथंच सोडून रस्त्याचा विषय काढला, तेव्हा कुठं आबांनी एक बारीकसा, अर्ध्या रस्त्याचा हं दिला. रस्ता झालाही अर्धाच. पाणी अजून यायचंय.

तर अशा माणसाचं गप्प होणं. ते कसं झालं ते सांगतो.

नगरचा एक कॅसेटवाला यात्रेत आला होता. त्यानं तात्यांची 'रांजणातली राणी' ऐकली आणि म्हणाला, "तात्या, हिची कॅसेट काढू. घराघरात वाजेल." तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आबांनी माझ्याकडून नवी बंडी शिवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा बाहीच्या लांबीवरून माझ्याशी भांडले. दोघं एसटीनं नगरला निघाले. मीही निघालो. बंडी प्रवासात कशी बसते ते पाहायचंय, असं मी घरी सांगितलं. घरच्यांनी ते ऐकून घेतलं, हं काही दिला नाही.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. तिच्या पोटात काचेची दुसरी खोली. कानावर वाट्या लावलेला एक तरुण काचेबाहेर बसला होता. तात्या आणि आबा आत जाऊन समोरासमोर मांडी घालून बसले. तात्यांनी दोन वाक्यं सांगितली, आबांनी दोन हं दिले, आणि तो तरुण दार उघडून आत आला.

"हे काका मधे मधे आवाज करतात," तो म्हणाला. "टेपमधे येतो तो. आत एकच माणूस पाहिजे."

मी तात्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता ते उठतील, त्या पोराला चार शब्द सुनावतील आणि आम्ही तिघं भेळ खाऊन परत जाऊ, असं मला वाटलं. तात्यांनी त्या मायक्रोफोनकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "बस की जरा भाईर, गेन्या. काचंतनं दिसतंयच की."

आबा उठले. बंडी झटकली. बाहेर येऊन काचेला नाक लावून उभे राहिले.

पुढं जे झालं, ते आठवलं की अजून मला हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. आत तात्यांनी एक वाक्य सांगितलं आणि थांबले. बाहेर आबांना शब्द ऐकू येत नव्हता, पण ओठ थांबलेले दिसले. त्यांनी मान हलवून छातीतून हं दिला. तिथल्या शिपायानं "शूऽ" केलं. काचेपलीकडे अर्थातच काही पोचलं नाही. तात्या वाट बघत बसले. तो तरुण हातानं 'पुढं, पुढं' करायला लागला. तात्यांनी दुसरं वाक्य टाकलं. थांबले. आबांनी आणखी मोठ्यानं हं दिला. शिपाई म्हणाला, "बाबा, तब्येत बरी नाही का?"

हळूहळू तात्यांच्या आवाजातला जीव गेला, हे मला काचेतूनही दिसलं. हात खाली आले. जी गोष्ट ओळीनं दोन-तीन दुपारी पुरायची, ती आमचा चहा यायच्या आत आटपली. राणी रांजणात कधी शिरली आणि बाहेर कधी आली, राणीलाही कळलं नसेल. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मग बँजो भरला.

परतीच्या एसटीत तात्या म्हणाले, "हं का दिला न्हाईस?"

"दिला."

"मान हालवलीस. मान तर बैल बी हालवतो."

"मधी काच हुती, लक्ष्मन."

"तुला द्यायचाच नव्हता. कॅशेट माज्या एकट्याची निघती, ह्ये तुला बघवंना."

"तू म्हनलास का त्येला, गेन्याला आत घ्या म्हनून?"

उत्तर नसलेला माणूस आवाज चढवतो. सारी एसटी त्यांच्याकडे बघायला लागली. मिरजगावच्या फाट्यावर दोघं दोन दारांनी उतरले.

त्यानंतर तात्या स्टँडवर सांगत फिरले, "गेन्यानं माजा हं खाल्ला." आबांनी कोणाला काही सांगितलं नाही. तात्यांनी एकदा दुसरा हुंकारी बसवून पाहिला. तो बिचारा दर वाक्याला एकसारखा हं देत होता, पाण्याच्या इंजिनासारखा. मधेच त्याला डुलकी लागली, तरी हं चालूच. तात्या उठून घरात गेले. त्या सालापासून शेंगा गोष्टीवाचून फुटायला लागल्या. पुढं त्या फोडायची यंत्रं आली. कोणाचं काही अडलं नाही.

ती कॅसेट हायवेवरच्या हॉटेलात काही दिवस वाजली. आबा रोज तिथं जाऊन बाकावर बसायचे. समोर चहा निवायचा. टेपमधले तात्या वाक्य संपवून थांबायचे. स्टुडिओतल्या त्या पोराला सगळ्या जागा काही कापता आल्या नव्हत्या. त्या रिकाम्या जागी आबा नुसते टेपकडे बघायचे. एके दिवशी गोष्टीतल्या कुंभारानं रांजण गाढवावर चढवला आणि तिथंच सिनेमाचं गाणं सुरू झालं. हॉटेलवाल्यानं त्याच कॅसेटवर गाणी भरून घेतली होती.

"आबा, कॅसेट चांगल्या कंपनीची होती," तो म्हणाला. "कशाला वाया घालवायची?"

आबांनी गार चहा पिऊन टाकला आणि घरी आले. त्यानंतर ते कोणालाच हं देईनात. कीर्तनात नाही, पंचायतीत नाही, पोरानं पुण्याहून येऊन नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हाही नाही. काकूंनी त्यांना शेजारच्यांच्या टीव्हीपुढं नेऊन बसवलं. देवादिकांची मालिका चालू होती. आबा थोडा वेळ बसले आणि उठून आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यो देव थांबतच न्हाई," आबा म्हणाले. "कुनी ऐकतंय का न्हाई, त्येला काय पडल्याली न्हाई."

अशी काही वर्षं गेली. दोघांची घरं एका हाकेच्या अंतरावर, पण हाक कोणी मारली नाही. तात्या रस्त्यानं आले की आबा आत जायचे. आबा पारावर असले की तात्या मागच्या बोळानं जायचे. गावाला या भांडणाची मजा वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू. इकडचं तिकडं करायला मिळायचं.

मग एका उन्हाळ्यात तात्यांच्या सदऱ्याचं माप घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. बाही केवढी ठेवू, कॉलर कशी पाहिजे, खिसा एक का दोन; तात्या माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांची सून आतून म्हणाली, "त्यांना काय इचारू नगा. औंदा कान पार गेले. बरं झालं एका परीनं, टीव्हीचा तरास न्हाई त्यांना."

मी दुकानात येऊन मशीनवर बसलो. समोर ओट्यावर आबा. मी सांगून टाकलं, "आबा, तात्यांना ऐकू येईना झालंय."

मी एक शिवण घातली, दुसरी घातली. वर बघतो तर आबा ओट्यावरून उतरलेले. पायात वहाण नाही. भर दुपारी, त्या फुफाट्यातून तात्यांच्या घराकडे चाललेले. मी गळ्यात मापाचा टेप तसाच ठेवून मागं गेलो.

तात्या लिंबाखाली एकटेच बसले होते. समोर घरच्या बियाण्याची पाटीभर शेंग. यंत्रात दाणा फुटतो म्हणून तेवढी हातानं फोडत होते. आबा समोर बसले आणि पाटीतली मूठभर शेंग घेऊन फोडायला लागले. तात्यांनी एकदा वर पाहिलं. बराच वेळ नुसती टरफलं पडत राहिली.

मग तात्या एकदम बोलायला लागले. बहिऱ्या माणसासारखं, गरजेपेक्षा मोठ्यानं. "तर कुंभारानं रांजन गाढवावर चढवला, आन त्येला आतनं रडू ऐकू आलं."

थांबले.

"हं," आबा म्हणाले. इतक्या वर्षांनी आवाज फाटका निघाला, पण हं तोच, लांबचलांब.

तात्या वाट बघत होते.

"हंऽ," आबा मोठ्यानं म्हणाले. वळचणीचे होले उडाले. तात्या तसेच. त्यांच्या तोंडावर हळूहळू ती जुनी एसटीतली कळा यायला लागली.

"अजून राग हाय व्हय तुला," तात्या म्हणाले. "नसंल द्यायचा तर जा. उगं कशाला बसलास?"

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली. पुढं सरकून गुडघ्याला गुडघा लावला. तात्यांचा हात धरला, त्यावरची टरफलं पुसली आणि तो तळवा आपल्या गळ्यावर ठेवला. बरोबर कंठावर. मग त्यांनी हं दिला.

तात्यांची बोटं हलली. जरा वेळ ते त्या गळ्याकडेच बघत राहिले. एक हात गळ्यावर, दुसऱ्या मुठीत शेंगा; डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते खांद्याला पुसले.

"कुंभारानं गाढव थांबवलं," ते म्हणाले.

गळा हलला.

"त्यानं रांजनाला कान लावला."

गळा हलला. गोष्ट चालू झाली. तात्यांचा एक हात हवेत राजवाडे उभे करत होता आणि दुसरा आबांच्या गळ्यावर. मी लिंबाला टेकून उभा राहिलो. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तेवढ्यात शेजारची बाई हंडा घेऊन आली. तिनं ते दृश्य पाहिलं आणि हंडा दारातच ठेवून आत धावली. "अगं ए, भाईर ये. तुजा सासरा गेनूआबाचा गळा धरून बसलाय."

टीव्हीवर मालिका रंगात आली होती. सून जागची हलली नाही.

"धरू दे," ती म्हणाली. "लई वर्सांपासनं धरायचा हुता, आज घावला."